नव्या सिनेमातली सासू दार ठोठावते

जयनगर, बेंगळूर
१९६६

प्रिय अक्का,

तू गेल्याला तेरा वर्षं झाली. आज लिहिते आहे, कारण काल तुझ्या वत्सलेने मला एक प्रश्न विचारला आणि मला खोटं बोलता आलं नाही. पंधराची झाली गं ती.

आपण दोघींनी शिवाजीनगरला दुपारच्या खेळाला पाहिलेला तो भुताचा सिनेमा पुन्हा नव्याने काढलाय, रंगीत. वत्सलेने हट्ट धरला म्हणून गेले.

जुना आठवतो तुला? नवरा नवरीला खोलीत ओढून नेतो, दार लागतं, आणि आपल्याला आतलं काहीच दिसत नाही. फटके ऐकू येतात, भांडं पडतं, ती एकदा ओरडते आणि गप्प होते. बाहेर सासू खाली मान घालून वाती वळत राहते. तू माझं मनगट इतकं आवळलंस की नखं रुतली.

"भुताला भ्यालीस होय?" मी विचारलं.

"भूत अजून आलंय कुठे, कमळे? त्या म्हातारीकडे बघ. स्वल्पसुद्धा मान वर करत नाही."

तुझ्या दंडावर काळेनिळे वळ होते. न्हाणीत पडले म्हणालीस. मी 'सरी', बरं, म्हणून सोडून दिलं. मला एकदा तरी का नाही सांगितलंस?

नव्यात कॅमेरा खोलीत जातो. कुऱ्हाड, तुटलेला हात, भिंतीवर लालभडक रक्त. पुढे त्या नवरीचं भूत नवऱ्याचा गळा चिरतं आणि लोक शिट्ट्या मारतात. आणि सासू? ती रडत धावते, दोन्ही हातांनी दार ठोठावते. तिथेच सिनेमा मेला, अक्का. जुना पाहून बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं. काल सगळे हसत निघाले.

मी मात्र रडत होते. "मावशी, रंग आहे तो," वत्सला म्हणाली. मग बसथांब्यावर तिने विचारलं, "आई खरंच जिन्यावरून पडून गेली?"

तिला आम्ही तेच सांगत आलो होतो. काल खरं सांगितलं. भावोजींनी वरवंट्याने तुझं डोकं फोडलं, त्यासाठी ते तुरुंगात गेले. आणि त्याआधी चार दिवस, रविवारी सकाळी, मी तुझ्यासाठी डबा घेऊन दाराशी आले होते. आत पट्ट्याचे फटके ऐकले. तू "नको हो, नको" म्हणत होतीस. मी डबा पायरीवर ठेवून परत फिरले. घरी आईला म्हटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण मध्ये पडू नये.

"तू दार वाजवलं नाहीस?"

"नाही."

बसमध्ये ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. रात्री जेवली नाही. आज सकाळी समोर येऊन म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

शब्द देते तुला, काही गाळणार नाही. माझी बाजू सावरून घेणार नाही. सगळं ऐकून तिने मला आयुष्यभर माफ केलं नाही, तरी तिला तसं करू देईन.

तुझी,
कमळी