ग्रीव्हन्स म्हणजे गाऱ्हाणं

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आज पुन्हा विचारलं. मॅनेजर सुमेधा मॅडम स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "पासपोर्ट सेफ आहेत." तीन आठवडे झाले! कॉपी काढायला म्हणून केअर होममधल्या आम्हा सगळ्या व्हिसावाल्यांचे घेतले. अजून परत नाहीत.

गुरुवार, ६
लिली आंटींना आंघोळ घालताना रडूच आलं. एकोणनव्वद वर्षांच्या, मूळच्या भायखळ्याच्या ज्यू. इथे वॉटफर्डला शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवायच्या. मराठी आईकडचं, जुनं. सगळं सांगून टाकलं त्यांना.
"हा ग्रीव्हन्स," म्हणाल्या. "गाऱ्हाणं. ते लिहून दिलं की पिटिशन. आणि मागायचं ते रिड्रेस — दाद."
"नाही ऐकलं तर बॉयकॉट?"
हसल्या. "तो शब्द अमेरिकेच्या क्रांतीनंतर शंभर वर्षांनी आलेला, आयर्लंडचा. अमेरिकेतल्या वसाहतींतले लोक नॉन-इम्पोर्टेशन म्हणायचे. ब्रिटिश माल घ्यायचाच नाही. पण अर्जही केले. राजाला लिहिलं, आम्ही तुमचे निष्ठावंत प्रजाजन."
"मग?"
"राजाने अर्ज हातातसुद्धा घेतला नाही."
हे कशाला सांगितलं!

शुक्रवार, ७
फोन वाजला तरी दचकते.

शनिवार, ८
नवऱ्याला सांगितलं, अर्ज करावा म्हणते. यशोधन भाजी चिरायचा थांबला. "त्यांनी व्हिसाची स्पॉन्सरशिप काढून घेतली तर दुसरी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला साठच दिवस मिळतात. उर्वीची शाळा?" खरंय त्याचं. लेक आत्ता कुठे शाळेत रुळलीय.

रविवार, ९
तरी लिहिला! ब्रेकमध्ये, टॉयलेटची कडी लावून. लिली आंटींना दाखवला तर 'रिक्वेस्ट' खोडून 'डिमांड' करायला लावलं. पहिली सही माझी. दुसऱ्याच कुणाची वाटते.

सोमवार, १०
अकरा सह्या झाल्या. मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला आणि अक्षरशः पळाले. लिफ्टसाठी थांबले नाही. उद्या काय? कामावरून काढलं तर? यशोधनला अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार, ११
मॅडमनी बोलावलं. आत गेले तर दार लावून घेतलं. संपलं सगळं, वाटलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला — खाली बारावी सही. त्यांची!
"माझाही पासपोर्ट मालकांच्याच कपाटात आहे गं," म्हणाल्या. "गेल्या मार्चपासून."