पहिल्या बोंडांची वात

आश्विन वद्य ८, शके १७८६. वलगाव.

बैलांना माझी भाषा कळत नाही! आज गाडी जुंपली, आमच्या नगरकडे हाकतात तसं हाकलं, तर दोघेही मान वळवून माझ्याकडे पाहत राहिले. सासरे नत्थुजी ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना डोळ्यांनी जवळपास काही दिसत नाही, पण कानांनी सगळं दिसतं. म्हणाले, "जावईबापू, बैल वऱ्हाडी हायेत. त्यायले तुमची बोली कशी समजन?" गडी हसले. मीही हसलो.

पन्नाशीला आलेल्या बाप्यानं नांदायला जावं, याला काय म्हणावं? मुली लहानपणी सासरी येतात. त्यांना निदान रडू तरी देतात.

आश्विन वद्य १०.

तिचं नाव मी तोंडानं घेत नाही. इथं लिहायला हरकत नाही, कागद कुणाला सांगत नाही. दुर्गाबाई. तिचा पहिला नवरा पटकीनं गेला, माझी पहिली बायको तापानं. ज्येष्ठात आमचा पाट लागला. नत्थुजींना मुलगा नाही, काळी जमीन हिनंच सांभाळायची. म्हणून ती माझ्याकडे आली नाही, मी इकडे आलो. माझं रान भावाकडे देऊन आलो. तिथं कुसळं उगवतात, इथं कापूस.

सगळं तीच करते. मजूर बोलावणं, अमरावतीच्या अडत्याशी घासाघीस. मला दोन वेळा विचारते, "जेवले काय?" बस्स. चांगली आहे. पण तिला माझी गरज कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

ठेचा! जिभेला फोड आला.

आश्विन वद्य १३.

पारावर शेषराव भेटला. हिचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून त्याचं शेत. चारचौघांत विचारतो, "का जी भाऊजी, कायचं काम करून राहिले आजकाल?"

म्हटलं, "सकाळी देवपूजा करतो."

"हे बेस हाये! बहीण कापूस पाह्यते, जावई देव पाह्यते!"

सगळे हसले. तो स्वतः हसला नाही. रान पाहावं तसा मला पाहत होता.

कार्तिक शुद्ध १.

पाडवा. तिनं ओवाळलं. आम्ही दोघंही अजून एकमेकांचे पाहुणेच.

कार्तिक शुद्ध ४.

काय करून बसलो!

उजाडता रानात गेलो होतो. बोंडं फुटू लागली आहेत. काळ्या मातीवर ते पांढरं असं दिसत होतं की हात आपोआप जोडले गेले. वाटलं, कार्तिक आहे, देवापुढं नव्या कापसाची वात लावू. धोतराच्या सोग्यात चार बोंडं घेतली. घरी येऊन सरकी काढली, वात वळली, लावली. माझा खंडोबाचा टाक आणि यांची देवी, दोघांवर सारखाच उजेड पडला. इथं आल्यापासून पहिल्यांदा वाटलं, या घरात माझ्या हातचं काही आहे.

ती दूध घेऊन आली. वातीकडे पाहिलं.

"हा कापूस कोठचा?"

"आपल्या रानातला."

"कोनं तोडला?"

"मी."

तिनं दूध खाली ठेवलं. "सीतादही झालं नाई अजून."

मग सांगितलं. पहिल्या वेचणीआधी घरच्या बाईनं दहीभात घेऊन रानात जायचं, झाडाखाली पाच खडे मांडून सीतामाईला दही वाहायचं. मग बायांनी पहिली बोंडं वेचायची. तोवर कुणी हात लावायचा नाही. पुरुषानं तर नाहीच. मला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? विस्तव भाजतो हे पाहुण्याला कुणी सांगतं का?

म्हटलं, "वात विझवू?"

"देवापुढची वात कोनी विझवते काय!" पहिल्यांदाच माझ्यावर चिडली.

कार्तिक शुद्ध ५.

शेषरावाची बायको वच्छला हिनं मला सोग्यात बोंडं घेऊन येताना पाहिलं होतं. दुपारपर्यंत गावभर.

कार्तिक शुद्ध ७.

आज सीतादही झालं. दुर्गाबाईनं सगळं रीतीनं केलं. वेचणाऱ्या बायांची मुकादमीण माणिकबाई, दरसाल हिच्याच रानात असते. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, उभी राहिली. मागं तिच्या बाया, हातात ओट्या म्हणजे वेचलेला कापूस टाकायच्या झोळ्या.

"माय, शेत उष्टं झालं. याच्यात आमी ओटी बांधत नाई."

"देवालेच वाह्यला न त्यायनं! खाल्ला काय?"

"घरच्या देवाले वाह्यला. शेताच्या मायले इचारलं काय?"

बाया वळल्या आणि शेषरावाच्या रानात शिरल्या.

दिवसभर हाच विचार. देव एकच, असं मी म्हणत आलो. मग एका देवाला दिलेलं दुसऱ्याला का टोचावं? पण चूक देण्यात नव्हती. न विचारता घेण्यात होती. माणिकबाईचं बोलणं वाकडं वाटलं, पण खोटं नाही.

कार्तिक शुद्ध ९.

दूर कुठं गोऱ्यांच्या मुलखात लढाई चालली आहे म्हणे, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव. प्रत्येक शेताला बाया हव्यात. बाया मागतील ती मजुरी. गड्याला बाया आणायला तिवशाकडे धाडलं, तो रिकामा आला. आमची गोष्ट त्याच्या आधी तिथं पोचली होती.

बोंडं फुटून लोंबू लागली. वाऱ्यानं खाली पडतात, मातीत मिसळतात. पडलेला कापूस दुर्गाबाई एकटी वेचते. मी जवळ गेलो की हात थांबतात तिचे. मी परत फिरतो.

कार्तिक शुद्ध १०.

ढग आले आहेत. या महिन्यात! पाऊस आला तर पीक गेलं.

कार्तिक शुद्ध ११.

एकादशी. देवापुढं बसलो होतो. बाहेर शेषराव नत्थुजींशी बोलत होता. हळू बोलायची त्याला गरज वाटली नाही.

"काका, काडी मोडली का समदं निस्तरते. मानूस गेला का त्याचा दोष बी गेला. पुनवेले पंच बसवतो. बाया मी आनतो."

"आन् शेत कोन वाहीन?"

"मी हावो न!"

नत्थुजी म्हणाले, "पोरीले इचार."

काडीमोड! माझ्यासाठी शब्द उच्चारला गेला. माळ हातात होती, पण जप कुठं गेला कळलं नाही.

रात्री ती भाकरी थापत होती. "जेवले काय?" हे विचारलं नाही. उपास आहे हे तिला माहीत होतं म्हणून, की दुसरं काही?

कार्तिक शुद्ध १२.

अमरावतीला गेलो. वाहेद गाडीवाल्याला भेटलो. त्यानंच मला अकोल्याहून इथं आणलं होतं. परवा कापूस घेऊन पुन्हा अकोल्याला निघतो आहे. तिथून देशावरच्या गाड्या मिळतात.

"वाहेदभाई, परत नेशील?"

"इत्त्या जल्दी? सासरी दिल नाई लागला काय?" मग माझं तोंड पाहून आवाज उतरवला. "आमची अम्मा म्हनते, नवी बहू सालभर रडते, मंग दुसऱ्यायले रडवते. तुमी साल तरी काढा, मियाँ!"

हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं. परवा पहाटे वेशीवर थांबेन म्हणाला.

मी आपणहून गेलो तर तिला पंचांपुढं उभं राहावं लागणार नाही. तिच्या हातानं काडी मोडायला नको. पीक वाचेल. हेच बरं. देवा, हेच बरं ना?

कार्तिक शुद्ध १३.

गाठोडं बांधलं. धोतर, घोंगडी, पोथी. टाक उचलायला हात होत नाही.

कार्तिक शुद्ध १४.

पहाटे निघालो. अंधार होता. ओट्यावरून आवाज आला, "जावईबापू, चालले काय?"

डोळे नसलेल्या माणसापासून काय लपणार! म्हटलं, "हो. सगळ्यांचं बरं होईल."

"पोरीले इचारलं?"

मी गाठोडं खांद्यावर घेतलं.

"मंग काहून चालले? बोंडं बी न इचारता तोडले, आता घर बी न इचारता सोडता! उद्या पोरगी काडी मोडन, त जा. मी तुमाले अडवनार नाई."

गाठोडं घेऊन तिथंच बसलो. वेशीवरून गाडीच्या चाकांचा आवाज आला. वाहेद बराच थांबला असावा. मग आवाज दूर गेला.

तिनं मोडली तर? तिनं मोडावी, असंही वाटतं. पीक आहे, बाप आहे, गाव आहे. माझ्यात काय आहे?

कार्तिक पौर्णिमा.

पंच बसले. शेषरावानं काडी तिच्या हातात दिली. तिनं ती पाहिली, त्याच काडीनं सावकाश दात कोरले, थुंकली आणि म्हणाली, "मोडाले दुसरी आना. हे कामात आली." हसणाऱ्यांत माणिकबाई सगळ्यांत पुढं.

तिथून सरळ रानात. आपल्या कमरेची ओटी सोडून तिनं माझ्या कमरेला बांधली. "मरदानं तोडलं म्हनतेत न? आता समदं तोडा." दोघंच वेचत होतो. बोंडाची टोकं बोटांत शिरत होती. ऊन कलल्यावर धुऱ्यावरून कुणी ओरडलं, "जावईबापू, असं वेचतेत काय? सरका तिकडं!"

पाहिलं, तर माणिकबाई. कमरेला ओटी बांधूनच आली होती.