उन्हात ठेवलेले सेल

अण्णा,

तुमचा वॉकमन अजून चालतो. हे तुम्हाला मुद्दाम कळवावं असं प्रेम काही उतू चाललेलं नाही, पण सांगायला दुसरं माणूसही उरलेलं नाही. आई गेली, आता त्या कॅसेटची गोष्ट ठाऊक असलेली मी एकटीच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या पोरांना तुमचा आवाजही आठवत नाही. मला आठवतो. नको तेवढा आठवतो.

मामानं आखातातून आणला तो वॉकमन माझ्यासाठी होता. मी दहावीत. सावेडीच्या आपल्या दोन खोल्यांत कानाला लावून लोळायचं, असं मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. तुम्ही तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालात, "ह्याच्यावर पळायचं." तुम्ही एसटी स्टँडवर कंट्रोलर. कुठली गाडी कोणत्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, हे माइकवरून सांगण्यात तुमचा जन्म गेला. मी शाळेत पळण्यात पहिली यायचे, आणि सकाळच्या ड्यूटीमुळे तुम्हाला माझ्यामागं सायकल घेऊन येता येत नव्हतं. म्हणून तुम्ही माझं वेळापत्रकच भरलंत, कॅसेटमध्ये.

रविवारची सकाळ आहे. स्वयंपाकघरात पाटावर टू-इन-वन टेपरेकॉर्डर ठेवलाय, शेजारी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलंय. तुम्ही बटण दाबता आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणता, "सुटा." घरात हाय-न्हाई करणारे तुम्ही, माइक दिसला की एकदम शुद्ध. मग नुसतीच टेप फिरते आणि तुम्ही काट्याकडे बघत बसता. "पिठाची गिरणी." पुन्हा शांतता. "पाण्याची टाकी." तेवढ्यात आईच्या कुकरची शिट्टी होते, तीही टेपवर उतरते, आणि तुम्ही तिच्याकडे असं बघता की ती बिचारी गॅसच बंद करते. मग "चर्चचं फाटक." आणि शेवटी, "जकात नाका. शाब्बास." मी तोवर एक पाऊलही पळाले नव्हते. तुम्ही तो शब्द आधीच भरून ठेवलात, पुन्हा कधी म्हणायची वेळ येऊ नये म्हणून की काय, देव जाणे.

तर तुमच्या आवाजाआधी मी गिरणी गाठली की गाडी वेळेवर, नाहीतर लेट. एका बाजूला पळायचं, दुसऱ्या बाजूला रेडिओवरची गाणी भरलेली, ती ऐकत चालत परत यायचं. तुम्ही दुपारी घरी आलात की पायातल्या चपला काढायच्या आत विचारायचात, "गाडी टायमात हुती का?" सुरुवातीला नव्हती. मी रडकुंडीला यायचे. पण पुढं हळूहळू जमायला लागलं. आधी टाकी हाताला लागली, मग फाटक, आणि थंडी संपता संपता मी नाक्यावर पोचून कमरेवर हात ठेवून उभी असायचे आणि तुमचं "शाब्बास" मागून यायचं. तुम्हाला सांगितलं त्या दिवशी तुम्ही आईला म्हणालात, "लई पळती पोरगी." मला नाही म्हणालात, आईला म्हणालात. पण मी आतल्या खोलीत ऐकत होते.

आता सेलचं. सेल मंद झाले की तुम्ही ते पत्र्यावर उन्हात ठेवायला लावायचात. आपल्याकडे सगळेच ठेवायचे, टॉर्चचे काय, रेडिओचे काय. ऊन खाल्लं की त्यात पुन्हा जीव येतो म्हणे. यायचाही, पण अर्धामुर्धा. वॉकमन फिरायचा, नुसता हळू फिरायचा. टेप हळू फिरली की तुमचे शब्द उशिरा यायचे, आणि शब्द उशिरा आले की मी आपोआप लवकर पोचायचे. इतकं साधं होतं ते. मला संशय आला नव्हता असंही नाही. एकदा मी तुम्हाला म्हणाले, "अण्णा, परतीच्या गाण्यात बाईचा आवाज बाप्यासारखा येतोय. नवे सेल आणायचे का?" तुम्ही जेवत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुला पळायचंय का गानी ऐकायचीत? उन्हात ठिव." मी ठेवले.

निवड चाचणीच्या दिवशी तुम्ही ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी बरोबर घेऊन आलात. महिनाभर स्टँडच्या कँटीनमध्ये माझ्याच गप्पा मारल्या होत्यात ना. पहिल्या दोघींना पुण्याला, खेळाडूंच्या वसतिगृहात प्रवेश मिळणार होता, आणि मी मनातल्या मनात ट्रंक भरून तयार होते. शिट्टी झाली आणि पोरी माझ्या अंगावरून निघून गेल्या. मी जीव तोडून पळत होते, अण्णा. मला कळेचना की ह्यांच्या अंगात काय संचारलंय. त्यांच्या अंगात काही नव्हतं, त्या नेहमीसारख्याच पळत होत्या. मी आले तेव्हा लोक पांगायलाही लागले होते. तुम्ही त्या मंडळींसमोर हसलात आणि म्हणालात, "फाट्यावर बंद पडनारी गाडी हाय ही. उद्यापास्नं घरात बस, भाकऱ्या शिक." कंडक्टर लोक हसले. त्यातल्या एकानं तेवढी मान खाली घातली.

इथवर मी तुम्हाला माफ केलं असतं, खरंच. माणूस चुकतो, घरोघरी सेल उन्हातच असायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराआड उभी होते. तुम्ही स्वयंपाकघरात, खिशातून नवे सेल काढलेत. वॉकमनमध्ये घातलेत, कानाला लावलंत आणि घड्याळ समोर धरून बसलात. आई भाकरी थापता थापता थांबली. "काय झालं वं?" म्हणाली. तुम्ही म्हणालात, "काय न्हाई." मग जुने सेल केराच्या बादलीत टाकलेत. तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कधी सेल फेकला नाही. वॉकमन डब्यात ठेवून वरच्या फळीवर सारलात आणि शर्टाची बटणं लावत ड्यूटीवर निघून गेलात.

तेव्हा तुम्हाला कळलं होतं. आणि मलाही कळलं की तुम्हाला कळलंय. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग त्या आठवड्यात, मग त्या वर्षात. "तुझी चूक नव्हती" एवढं म्हणायला काय लागत होतं? स्टँडवर गाडी लेट झाली तर तुम्ही अनोळखी माणसांना माइकवरून दिलगिरी सांगायचात. माझ्या लग्नात काकांनी पुन्हा तोच विनोद केला, फाट्यावर बंद पडणारी गाडी आता सासरी ढकलत न्या म्हणाले, आणि तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात. मी हातावरच्या मेंदीकडे बघत बसले. शेवटी दवाखान्यात तुमच्या छोट्या रेडिओचे सेल संपले आणि मी नवे आणून घातले. खोलीत आपण दोघंच. तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात, ओठ हलले, मला वाटलं आता म्हणाल. तुम्ही म्हणालात, "जुनं फेकू नको. उन्हात ठिव." मी ते खिडकीत ठेवले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले. नर्सला वाटलं बापासाठी रडतेय.

आईच्या सामानात गेल्या महिन्यात तो वॉकमनचा डबा सापडला. नवे सेल घालून मी त्याच रस्त्यावर पळून आले. जकात नाका गेला, पण त्याची जागा मला कळते. गिरणीलाच तुम्ही मला मागं टाकलंत. कुकरची शिट्टी झाली तेव्हा टाकी अजून लांब होती, आणि "शाब्बास" आलं तेव्हा मी कशीबशी फाटकाशी होते. फुकटचं शाब्बास. इतका राग आला की हेडफोन काढून हातात धरूनच घरी आले.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, त्या डब्यातच राहील, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या दिवसापासून मी टीव्हीच्या रिमोटमधले थकलेले सेल काढून वॉकमनमध्ये घालते. तुमचा आवाज जड येतो, ओढल्यासारखा, तेव्हा यायचा तसाच. मी नाक्याच्या जागेवर आधी पोचते, कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि तुमची वाट बघते.