धडा तिसरा, तोंडपाठ

९ जून, सोमवार
वही, माफ कर. एक तारखेपासून रोज लिहायचं ठरलं होतं, आज नऊ उजाडली. बीपीची गोळी बदलली होती. पेनही सापडत नव्हता.
विषय असा. मुलगा मल्लेश जर्मनीत, सून तिकडचीच. नात विशाखा पाच वर्षांची. तिला मराठीत एकच शब्द येतो, 'नको'. फोनवर मी 'जेवलीस का' विचारलं की 'नको' म्हणते आणि पळते. असंच चाललं तर तिच्या लेखी मी फोनमधला कुणीतरी म्हातारा. म्हणून जर्मनचा क्लास लावला. एकोणतीसला, रविवारी फोन. दहा मिनिटं जर्मन बोलायचं. ठरलं.

१० जून
क्लास नांदेड स्टेशनजवळ, दुसरा मजला. बाकी सगळ्या जर्मनीला नोकरीसाठी निघालेल्या नर्सा. शिकवायला जोहरा मॅडम. शिरूर अनंतपाळला असताना माझं दुकान होतं, त्याची पाटी तिच्याहून वयानं मोठी असेल. जिना एकट्यानं चढायचा नाही, अशी मल्लेशची ताकीद, म्हणून सोबत बायको, आमची दानम्मा. ती मागच्या बाकावर वाती वळत बसते.
मॅडमची पद्धत चुकीची आहे. पुस्तक मिटायला लावते. पिशवीतून केळं, कंगवा, कुलूप काढते आणि 'वास इस्ट दास', म्हणजे 'हे काय', असं विचारते. नर्सा चुकतात, हसतात. कुणाला शिक्षा नाही. अशानं भाषा येते का? मी सातवीपर्यंतच शिकलो, पण छडीखाली. पक्का आहे.

१४ जून
आज जोडीनं बोलणं. माझ्या जोडीला कंधारची स्वप्नाली. ती विचारून राहिली, मी गप्प. चुकण्यापेक्षा गप्प बरं. मॅडम म्हणाली, अप्पा, चुका, पण बोला, चूक पोटात ठेवली की सडती. मी म्हटलं, मी पूर्ण तयारीनंच बोलतो, किरकोळ विक्री नाही. सगळ्या हसल्या. कौतुकानं असावं.

१९ जून
वहीत तीनशे शब्द झाले. तोंडातून अजून एकही नाही, पण पाया भक्कम पडतोय. छातीत धडधड. गॅस असेल.
मॅडमनं दानम्मालाही कंगवा दाखवून विचारलं. ती काहीतरी चुकीचं म्हणाली आणि स्वतःच हसली. तिचा वेळ जातो, बरं आहे.

२४ जून
धडा तिसरा तोंडपाठ. फ्राउ म्युलर नावाच्या बाई आणि एक गृहस्थ स्टेशनवर भेटतात. नमस्कार, कसं काय, कुठले आपण. दोघांचंही बोलणं मला येतं, एका दमात, चाळीस सेकंद. मॅडमला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, अप्पा, समोरच्यालाबी थोडं ठेवा की. तरुण शिक्षकांना हुशार विद्यार्थी सोसत नाही.

२८ जून
मॅडमला सूचनांचा कागद दिला. खेळ बंद करावेत. पाठांतर वाढवावं. हसणाऱ्यास उभं करावं. शुक्रिया अप्पा, म्हणाली. सुधारेल.
उद्या फोन. झोप नाही.

२९ जून, सायंकाळी सात
इस्त्रीचा सदरा घातला. विशाखा दिसताच उभं राहून सुरू केलं. फ्राउ म्युलरचं नाव गाळायचं राहून गेलं, त्यामुळे नातीलाच 'नमस्कार म्युलरबाई' झालं. ती मध्येच काहीतरी विचारत होती. पण मी थांबलो की मला पहिल्यापासून म्हणावं लागतं. दोनदा पहिल्यापासून म्हटलं. मग तिनं बापाला काही विचारलं. तो सांगेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आजोबा हायेत का रेकॉर्ड लावलीय, असं विचारून राहिली.
तेवढ्यात दानम्मानं मोबाइल घेतला. हातात लाटणं होतं, तेच दाखवून म्हणाली, वास इस्ट दास. विशाखानं सांगितलं. दानम्मानं ते चुकीचं म्हटलं, विशाखानं सुधारलं, हसली, आपला हत्ती घेऊन आली. पंचवीस मिनिटं. पळाली नाही.
मोबाइल देताना दानम्मा म्हणाली, तुमी पोरीला बोलूच देईनात की हो.
नेटवर्कही खराब होतं.

१ जुलै
डोकं दुखतं म्हणून क्लासला गेलो नाही. दानम्मा गेली. एकटीनं जिना चढली.
दुपारी मल्लेशच्या नंबरवर विशाखाला मेसेज लिहायला घेतला. तीनशे शब्द चाळले, तिला सांगण्यासारखा एक सापडेना. शेवटी मराठीत लिहिला: 'त्या दिवशी तू मला काय विचारलंस, ते कळलं नाही. पुन्हा विचार. मी चुकीचं सांगीन, तू सुधार.'
पाठवल्यावर ध्यानात आलं, तिला कोणतीच भाषा वाचता येत नाही. खाली आणखी एक ओळ टाकली: मल्लेशा, तूच वाचून दाखव, आणि ती काय म्हणते ते लवकर कळव.