लाल ठिपक्याचा डबा

३ मार्च, शनिवार
इराने घरातल्या प्लॅस्टिकविरुद्ध युद्ध पुकारलंय. वय तेरा, छातीवर शाळेच्या ग्रीन क्लबचा बिल्ला. सिंकखालून पिशव्यांची पिशवी निघाली, तिच्यातून आणखी एक पिशव्यांची पिशवी. "आई, सो मेनी! फॉर व्हॉट?"
मग बिल्डिंगच्या कचऱ्याच्या शूटमध्ये कचरा काय ओंजळीने टाकू?
सगळं तिच्या रिसायकलिंगच्या खोक्यात.

६ मार्च, मंगळवार
पहिला फितूर मिलिंद. वन-नॉर्थच्या ऑफिसातून आला, शर्टाच्या खिशात स्ट्रॉ. हॉकरच्या टपरीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला होता.
"बाबा, हाऊ कॅन?"
"अगं, पिशवी टाकून दिली की लगेच!"
बाप आणखीच अडकला. शिक्षा: उद्यापासून लोणच्याची रिकामी बरणी न्यायची.

७ मार्च
नेली. कोपीला मोहरीचा वास येतो म्हणे.

९ मार्च, शुक्रवार
खोक्यात माझ्या आईचा डबा. मूळचा श्रीखंडाचा. पुण्याहून तिचं शेवटचं मेतकूट यातच आलं. झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. कुणाला काही भरून दिलं की आपला डबा ओळखून परत यावा म्हणून. तिचे ठिपके अख्ख्या सोसायटीत फिरायचे, आणि यायचेही परत.
गुपचूप काढून तांदळात पुरला. या वयात, पोटच्या पोरीपासून...

११ मार्च, रविवार
आज नेमका इरानेच कुकर लावायला घेतला, तांदळात हात घातला.
"आई! चीटिंग!"
आजीचा आहे गं.
तिने डब्यावरचे तांदूळ झटकले. मग, "प्लॅस्टिक नेव्हर गोज अवे, आई. दॅट्स द होल प्रॉब्लेम."
मनात म्हटलं, तेच तर. आई गेली, हा आहे.
तिने झाकण उघडलं. हुंगलं. परत हुंगलं. "स्टिल गॉट आजी स्मेल."

१८ मार्च, रविवार
निकाल: डबा उद्यापासून शाळेच्या प्रदर्शनात. पाटी तयार: 'ही वस्तू आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील.' मिलिंद आशेने म्हणाला, "माझी बरणीपण ने ना."
परत आणशील ना?
"सी हाऊ लाह." इथल्या बोलीत, बघू.
प्रदर्शन संपलं की मांडलेलं सगळं रिसायकलिंगला जातं, हे तिनेच सांगितलेलं.

१९ मार्च, सोमवार
युनिफॉर्म घालून, डबा घेऊन दारात. "आई, तुझी रेड नेलपॉलिश?"
शाळेत चालत नाही.
"नॉट फॉर मी लाह."
जुना ठिपका अर्धा उडालाय. तिने त्यावर नवा काढला, चांगला टपोरा. फुंकर घालत लिफ्टमध्ये शिरली.
प्रदर्शन शुक्रवारपर्यंत.