चारशे सतराचा ठिपका

३ मार्च, सोमवार

आज मार्कर मिळाला!

दोन महिने झाडू, एक महिना नुसते उभे राहून बघणे, आणि आज हातात पिवळा मार्कर. चार दिवस कारखाना, पाचव्या दिवशी कॉलेज, चार वर्षांनी इंजिनियर — योजनेच्या पत्रकात असे छापले आहे. पत्रकावरचा मुलगा संगणकाकडे बघून हसतो आहे. त्याला ठिपका द्यायला कुणी सांगितलेले दिसत नाही.

काम असे: गाडी लाइनवरून सरकत येते. उस्ताद सीटबेल्टचा बोल्ट पान्याने आवळतात. पुरेसा आवळला की पाना 'कट्' वाजतो. कट् ऐकले की मी बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका द्यायचा. पुढच्याला कळते, हा झाला.

उस्ताद पंचवीस वर्षे हेच करत आहेत. मला म्हणाले, "बारावीनंतर शिक्षण अडलं होतं ना तुझं? मग जमेल. जास्त शिकलेल्यांचा ठिपका पसरतो."

५ मार्च, बुधवार

ठिपका चार मिलिमीटरचा हवा असे मी ठरवले आहे. कुणी सांगितलेले नाही. पण काहीतरी माप हवे.

घरून पट्टी नेली. उस्ताद बघत राहिले. "बोल्टला शर्ट शिवतोस का रे?"

१२ मार्च, बुधवार

लाइन न थांबण्याचा दोनशेवा दिवस. आमच्या डोक्यावर दोरी आहे. काही चुकले तर ती कुणीही ओढावी, लाइन थांबते. 'कुणीही' हा शब्द पाटीवर लाल अक्षरांत आहे. दोरीवर दोनशे दिवसांची धूळ आहे.

दुपारी लाइनसाहेबांनी फोटोसाठी जुन्या माणसांना हाक मारली. उस्तादांनी बोल्ट बोटांनी दोन फेरे बसवला होता. पाना उचललाच नव्हता. "आलो, आलो," म्हणत तसेच गेले. गाडी सरकत राहिली. आणि मी — हात सवयीनेच गेला — ठिपका दिला.

नंतर कळले, काय केले!

उस्ताद परत येईपर्यंत गाडी पुढे गेली होती. त्यांनी लांबूनच मान उंचावून पाहिले. "ठिपका आहे ना? बरं."

गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ४१७. कट् झाले नाही. मी दोरीकडे पाहिले. फोटोवाला ओरडला, "हसा!" मी हसलो. मी फोटोत नव्हतोच.

१३ मार्च, गुरुवार

आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमच्या पोराने हात लावल्याशिवाय तिथं गाडी पुढे सरकत नाही म्हणे."

हात लावला. सरकली.

१४ मार्च, शुक्रवार

कॉलेज. प्रकल्पाचा विषय द्यायचा होता. मॅडमना म्हणालो, "ठिपका चुकीच्या बोल्टवर पडू नये म्हणून काय करावे, हा विषय घेऊ का?"

"नकारात्मक वाटतो," मॅडम म्हणाल्या. "ठिपका उत्तम कसा द्यावा, असं कर. आलेख येतील ना?"

आलेख येतील.

१८ मार्च, मंगळवार

तपासणी विभागाचे दोघे येऊन माझ्या ठिपक्यांचे फोटो काढून गेले. चारही लाइनवर लावणार! वर लिहिणार — 'आदर्श ठिपका'. त्यांतला जाडा तपासनीस माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "तू आल्यापासून आम्ही बोल्टला पाना लावायचंच सोडलं. ठिपका बघूनच समाधान होतं."

तसाच लाइनसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, समजा एखाद्या बोल्टवर ठिपका आहे, पण तो आवळलेला नाही —"

"ठिपका आहे?"

"हो."

"मग आवळलेला आहे."

"पण समजा —"

"समजा-बिमजा कॉलेजात. कॉलेजची सह्यांची वही आणलीस? महिनाअखेरीस घेऊन ये. तुझ्यासारख्या पोरावर सही करायला मला आनंद वाटेल."

त्या सहीशिवाय वर्ष फुकट. वर्ष गेले की योजनेतून बाहेर, पदवी नाही, पुन्हा झाडूसुद्धा नाही. "थँक्यू साहेब," म्हणून बाहेर आलो. थँक्यू कशाबद्दल?

२४ मार्च, सोमवार

४१७ अजून विकली गेलेली नाही. तयार गाड्यांच्या मैदानात तिसऱ्या रांगेत आहे. पांढरी. जेवणाच्या सुट्टीत रोज बघून येतो. डब्याच्या पिशवीत कट् वाजणारा पाना असतो, पण गाडीला कुलूप आणि किल्ल्या ऑफिसात. आज पहारेकऱ्याने हटकले, "काय रे, रोज हिच्याभोवतीच घोटाळतोस? लग्न ठरलंय का?"

किल्ली मागायची तर कारण सांगावे लागेल. सात कारणे लिहून काढली. सातही खोटी, आणि एकही पटण्यासारखे नाही.

२६ मार्च, बुधवार

४१७ जागेवर नाही. टायरखालची कोरडी चौकट तेवढी आहे.

२७ मार्च, गुरुवार

कसे लिहू!

आज उस्तादांचा सत्कार झाला. पंचवीस वर्षे, एकही तक्रार नाही. कंपनीतर्फे बक्षीस — गाडी. पडदा ओढला. पांढरी, लाल फीत लावलेली. मी मागे जाऊन क्रमांक वाचला. मग पुन्हा वाचला.

उस्तादांनी फितीला हात लावून पाहिला. माइकवर एवढेच म्हणाले, "आजवर बनवल्याच फक्त. बसलो कधी नव्हतो."

सुटीनंतर त्यांनी मला फाटकापाशी गाठले. "चल, घरी सोडतो. पहिला मान तुझा. तिकडून माझ्या नातीला घ्यायचंय शाळेतून."

मी बसलो. त्यांनी गाडी सुरू केली. म्हणाले, "बेल्ट लाव."

मग मी सगळे बोललो. फोटो, कट्, ठिपका, दोरी, सगळे. शेवटी रडलोसुद्धा. (लिहायला लाज वाटते, पण झाले ते झाले.)

उस्तादांनी गाडी बंद केली. हात पुढे केला. मी पिशवीतला पाना दिला. त्यांनी बोल्टवरचे प्लॅस्टिकचे झाकण काढले. माझा ठिपका — चार मिलिमीटर, जराही पसरलेला नाही. पाना फिरत राहिला. एक फेरा. दोन. तीन. साडेतीन. मग कट्.

उस्तादांनी पाना मला परत दिला. मग म्हणाले, "पंधरा दिवस माहीत होतं तुला."

"हो."

"दुसऱ्या कुणी नेली असती, तर बोलला असतास?"

मी झाकण उचलून त्यांच्या हातात दिले.

त्यांनी झाकण बसवले. अंगठ्याने दाबून धरले, बसल्यावरही अंगठा काढेनात. "ही तुझी एकच ना?"

"एकच. नंबर लिहून ठेवलाय."

"पंचवीस वर्षांत साहेबांनी हाक मारली की मी असाच उठत आलो," ते म्हणाले. "माझ्या मी मोजल्या नाहीत."

मला उतरवले आणि नातीला आणायला चालत गेले. गाडी फाटकाजवळच राहिली.

३१ मार्च, सोमवार

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी दोरी ओढली गेली. मी हात वर करत होतो. उस्तादांचा हात आधी पोचला. लाइन थांबल्यावर कारखाना इतका शांत होतो, हे कुणालाच माहीत नव्हते.

उद्या चौकशी. साहेबांनी सह्यांची वही न बघताच परत दिली आणि, ४१७ ची नोंद हिच्यात आहे म्हटल्यावर, ही वही मागितली आहे. शुद्धलेखन तपासून ठेवले. खोडले काहीच नाही.