सुंदरीचा दिवाळसण पापनाशमला करावा

मी वेंकूबाई, कैलासवासी रघोजी यांची बायको, राहणार तंजावूर. शुद्धीत आहे, कोणाची बळजबरी नाही, आणि हे माझ्याच हाताने लिहिते. शाळेत थोडीच गेले, म्हणून अक्षर वाकडे. मुले तमिळ शाळेत शिकली, त्यांना आपली लिपी वाचता येत नाही, तेव्हा शेजारच्या सेतुमाधवांनी मोठ्याने वाचावे, काही गाळू नये. डॉक्टर राममूर्ती म्हणतात, गर्भाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला. दिवाळीपर्यंतचे सांगता येत नाही.

१. घर मुलगा नटराज याला. न्हाणीघराची कौले आधी बदलावीत. सून नागलक्ष्मी पावसात भिजत पाणी तापवते, आणि तोंडाने एक अक्षर काढत नाही.

२. मला मद्रासला कॅन्सर जाळायच्या विजेच्या उपचाराला न्यायचे म्हणून नटराजने पैसे ठेवले आहेत. मी जाणार नाही. त्यातून त्याच्या मुलीचा, नात सुंदरीचा, दिवाळसण करावा. वैशाखात तिचे लग्न झाले. काय सांगू, नातजावई लाखात एक मिळाला! माझ्या खोलीला वास येतो, सगळे दारातून बोलतात. तो उशाशी बसतो आणि म्हणतो, "आजी, सुपारी तुमच्या हातचीच द्या."

३. मी आधी गेले तर नटराजच्या घरी वर्षभर सण नाही. पोरीची पहिली दिवाळी परत येणार आहे का? मुलगी अंबा पापनाशमला दिली आहे, तिला माझे सूतक तीनच दिवस. उपाध्यांना विचारून घेतले आहे. म्हणून सण अंबाच्या घरी व्हावा.

नटराज आणि अंबा दोघे म्हणतील, कसे जमणार? चार वर्षांमागे दिवाळीला नटराजने दिलेले धोतर अंबाचे यजमान वैद्यनाथ यांनी उलगडून विचारले, "नटराज, हा पंचा कोणासाठी?" नटराज म्हणाला, "भावोजी, नेसवत नसेल तर भांडी पुसा." अंबा ताटावरून उठली. तेव्हापासून जाणेयेणे बंद. अंबा, ऐक. त्या वर्षी जरीकाठाचे पैसे माझ्या ऑपरेशनला गेले. तुला दिवस होते, म्हणून तुला नुसता ताप सांगितला. नटराजने बोलणी खाल्ली, पण आईचे दुखणे पुढे केले नाही. ते धोतर इथेच राहिले. रक्त जायला लागल्यावर मी ते फाडून घेतले. फार मऊ होते, वैद्यनाथांना सांगावे.

४. पितळेची उरुळी, ती पसरट कढई, अंबाला. दिवाळीच्या पहाटे चाटायचे औषधी लेह्य तिच्यातच घोटावे. सुंठ जास्त, गूळ करपू देऊ नये. सुंदरीच्या डोक्यावर तेल अंबाने घालावे. नटराजला सुतकामुळे तेल नाही, त्याने ओट्यावर बसावे. पण बसावे.

५. बांगड्या सुंदरीला. मद्रासच्या पैशांतून नातजावयाला आणि वैद्यनाथांना सारखेच जरीकाठी धोतर घ्यावे. नटराजने स्वतः द्यावे, आणि भांड्यांचा विषय काढू नये.

६. मी दिवाळीला जिवंत असले तरी पापनाशमलाच जावे. मला आगगाडीत आडवे करून न्यावे, खाली जुनी कापडे भरपूर घालावीत.

असले कागद माणूस गेल्यावर वाचतात म्हणे. तितका वेळ नाही. येत्या रविवारी अंबाला बोलावून माझ्या खोलीतच वाचावे. कोणी रडले तर मला चालेल. कोणी उठून गेले तर चालणार नाही.

वेंकूबाई (सही)

साक्षीदार: सेतुमाधव, शेजारी (सही)
राममूर्ती, डॉक्टर, बाई पूर्ण शुद्धीत आहेत (सही)

तंजावूर, ता. ५ ऑक्टोबर १९६१